दलदलीकाठचं रक्त

दिवस गेले म्हणून रक्त तपासायला गेलेली शिंपीण अहवाल ऐकून गारच पडली. तिच्या रक्तात सिकलसेलचा, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराचा, अंश निघाला होता. तिचा थोरला भाऊ याच दुखण्याने गेला होता. सांधे धरून कण्हत पडायचा बिचारा, आणि घरात कुणाचं काही चालायचं नाही.

"तुझ्या नवऱ्याचं रक्त साफ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आई-बाप दोघांकडून एकेक वाटा आला तरच तो आजार होतो, म्हणजे बाळाला तो व्हायचा नाही. फार तर तुझ्यासारखा एक वाटा घेऊन येईल. तुझं कुठे काय अडलंय?"

तिचा जीव भांड्यात पडला. तरी ती पुटपुटलीच, "आमच्याच रक्तात ही घाण कुठून आली?"

"घाण म्हणू नकोस. माहेर कुठलं तुझं?"

"दलदलीच्या काठचं. हिवतापाचं आगरच ते. बाबा नावाडी. दलदलीची हवा बाधते म्हणून दिवेलागणीला खिडक्या लावून घ्यायचे."

"सगळं जग तेच धरून बसलं होतं. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी खराब हवा. पुढे कळलं, हवा बिचारी निर्दोष. डास चावतो आणि त्याच्यासोबत आलेला जंतू तांबड्या पेशीत घर करतो. त्याहून पुढे कळलं ते असं, की तुझ्यासारख्या पेशीत त्याचं बस्तान नीट बसत नाही. हिवताप लेकरं उचलून न्यायचा तिथे असल्या रक्ताची लेकरं जास्त तगली. त्यांना लेकरं झाली, त्यांनाही झाली. कैक पिढ्यांनंतर तू."

शिंपीण स्वतःच्या मनगटावरच्या निळ्या शिरेकडे बघत राहिली. रोज कात्री चालवणारा तोच हात, पण आज तो तिला एकटीचा वाटेना.

घरी येऊन तिने बाबांना सगळं सांगितलं. दादा गेल्यापासून ते तिच्याकडेच राहत होते.

"मी वेळेवर दलदलीपासून घर हलवलं असतं तर..." ते म्हणाले. इतकी वर्षं मनात कोंडून ठेवलेलं वाक्य होतं ते.

"तरी झालंच असतं, बाबा. एक वाटा तुमचा, एक आईचा. दादाला दोन्ही मिळाले, मला एकच."

 मग बाबा म्हणाले, "तू एवढीशी होतीस तेव्हा काठावर हिवतापाची साथ आली होती, तूही तापाने फणफणलीस. शेजारची दोन्ही पोरं गेली. तुझी आशा आम्ही सोडली होती. आणि सकाळी तू उठून बसलीस अन् खायला मागितलंस. तुझ्या आईला वाटलं, ती स्वप्नातच आहे." त्यांचा आवाज खाली गेला. "ज्याने तुझ्या दादाला नेलं, त्यानेच तुला राखलं म्हणायचं?"

"तसंच असेल."

ते तिच्याकडे नव्याने बघावं तसे बघत राहिले. मग, कितीतरी वर्षांत पहिल्यांदा, आपण होऊन दादाबद्दल बोलू लागले. वल्ही हातात आली की तो कसा फुशारकी मारायचा, आणि नाव कशी गोल गोल फिरत राहायची. सांगता सांगता त्यांना हसू आवरेना.