खिळ्यावरची दुसरी किल्ली

मी दुसरी किल्ली बोलतेय. एकाच कुलपाच्या आम्ही दोघी जुळ्या बहिणी. पण थोरली मालकीणकाकूंच्या कमरेला आणि मी दलालाच्या दुकानात, खिळ्यावर. देवाने दात सारखेच दिले, नशीब तेवढं वेगळं. जळायचे मी तिच्यावर, खोटं कशाला बोलू?

काकूंनी घर विकायला काढलं. शिवणकाम करणारी एक ताई नवऱ्याबरोबर बघायला आली. खिडकीपाशी थांबून म्हणाली, "मशीन इथे. आपल्या घरात जाईपर्यंत चहात साखर नाही, असं देवाला बोललेय मी."

"म्हणजे साखरेचा डबा आता उघडायचा!" नवरा हसला. करार झाला, इसार दिला.

पुढे एकदा दलालाने मला खिळ्यावरून काढलं. वाटलं, निघाले ताईकडे! कसलं काय, त्याने घर दाखवलं एका डॉक्टरांना. तिथे दलाली जास्त होती. मग एकाच तोंडाने दोन फोन. काकूंना, "त्यांचं कर्ज नामंजूर झालं हो." ताईला, "काकूंचा विचार फिरला." सगळं बोलणं आपल्यामार्फत, हा त्याचा नियम. दोघीही भिडस्त, एकमेकींना विचारलंच नाही. इसार परत गेला. घर डॉक्टरांचं झालं, थोरलीही त्यांच्याकडे गेली. माझा नुसता तिळपापड!

काकूंना मात्र राहवेना. ताईचं सांत्वन करायला गेल्या. "कर्ज नाही मिळालं म्हणून खचू नकोस गं."

"कर्ज तर मिळालं होतं! तुम्हीच नको म्हणालात ना, काकू?"

"मी कशाला नको म्हणू, बाई!"

ताईने दलालावर दावा लावला, तेव्हा हे सगळं मी कोर्टात ऐकलं. करारानंतर दलालाने माझ्याच जोरावर घर उघडलं होतं, म्हणून मी टेबलावर, पुराव्यादाखल.

"साहेब, मी तर नुसता मधला माणूस," दलाल म्हणाला.

"ठरलेला सौदा तुम्ही जाणूनबुजून खोटं बोलून मोडलात. भरपाई तुम्हीच द्यायची," न्यायाधीश म्हणाले. डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. घर त्यांच्याकडेच राहिलं.

त्यांनी कुलूप बदललं आणि थोरली काकूंकडे परत आली, कोर्टातून सुटून मीही तिथेच. आता आम्ही दोघी त्यांच्या पर्समध्ये. जन्मभर जिच्यावर जळले, ती माझ्याइतकीच निकामी!

आज काकू ताईच्या नव्या घरी आल्यात. घर लहान आहे, पण मशीन खिडकीत आहे. काकूंनी स्वतःच्या हाताने ताईच्या चहात साखर ढवळली. ताईने घोट घेतला आणि पदर डोळ्यांना लावला.

घर घेणाऱ्या-देणाऱ्या माणसांनो, मध्ये कुणीही असू द्या, पण एकदा तरी समोरासमोर बोला.

ताईच्या कमरेला नवी किल्ली आहे, चकचकीत. पोटात पुन्हा जळलंच. पण माझी दृष्ट लागू नये तिला, म्हणून मीच पर्समध्ये तोंड फिरवून घेतलंय.