कुलूप लागलेलं पुस्तक

"काका, नक्की कशावर क्लिक केलं होतं?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"मी? कशावरच नाही. आपोआपच झालं." काका चष्मा पुसू लागले.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल चौकट होती. फायलींना कुलूप लावलंय, उघडायच्या असतील तर पैसे भरा. दुरुस्तीवालीने आधी इंटरनेटची वायर उपटली. "पैसे भरायचे नाहीत हं. चोराचा काय भरवसा? दुसरी प्रत आहे का कुठे?"

"आहे की! ही काय डिस्क," काकांना हुरूप आला.

तिने डिस्ककडे पाहिलं, मग तिच्यातून कॉम्प्युटरला गेलेल्या वायरीकडे. "ही लावूनच ठेवली होती? मग हिलाही लागण झाली."

दारात काकू उभ्या होत्या. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला होता. त्याआधी बरीच वर्षं त्या अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. आधीची पुस्तकं त्या मुलांच्या वसतिगृहात पोचली होती. शेवटचं मात्र या कॉम्प्युटरवरच राहिलं होतं. ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर, घसा दुखत असताना, कोमट पाण्याचे घोट घेत घेत त्यांनी ते पुरं केलं होतं. पाठवायचं काम काकांकडे होतं. ते आज करू, उद्या करू म्हणत राहिले. डिस्क काढून ठेवा म्हणून काकू कितीदा तरी लिहून दाखवायच्या. "राहू दे गं, कोण पळवून नेतंय?" हे काकांचं उत्तर.

काकांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. अडकलात तर घाबरून बटणं दाबत सुटू नका, हे ते जगाला सांगायचे. आणि घरात 'व्हायरस आला, इथे दाबा' अशी चौकट दिसल्यावर ती म्हणेल ते दाबत गेले होते.

"कुलूपवाल्या फायली बाजूला ठेवते, पुढेमागे किल्ली निघाली तर बघू. आशा फार धरू नका. बाकी सगळं पुसून नव्याने बसवावं लागेल. काकू, पुसू ना?"

काकूंनी मान हलवली.

"मी दाबलं," काका एकदम काकूंना म्हणाले. "तिने विचारलं तेव्हा खोटं बोललो. तुझ्याकडे बघून सांगायची हिंमत होईना."

काकू आत निघून गेल्या. भांडी जरा जोरातच वाजली.

दुरुस्तीवालीने काम उरकलं. काकांसाठी वेगळं खातं काढलं, ज्यातून नवीन काही बसवता येणार नाही. "नवीन डिस्क प्रत काढण्यापुरतीच लावायची. मग काढून कपाटात," असं बजावून ती गेली.

संध्याकाळी काकूंनी तेच शेवटचं पुस्तक काकांसमोर आणून ठेवलं आणि माइक जोडला.

"मी वाचू? अगं, माझा हा घोगरा आवाज! पोरं पळून जातील."

काकू हसल्या नाहीत. पहिलं पान उघडून त्यांनी पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

काका खाकरले, वाचू लागले. तिसऱ्याच वाक्यात एक शब्द त्यांनी गिळला. काकूंचं नख टेबलावर टक् करून वाजलं.

काका थांबले. मग ते वाक्य त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.