होड्यांच्या क्लबातली एकुलती होडी

नोला पेथरिकने आयुष्यभर कॉरिगन गावाचे दात काढले आणि दवाखान्याला कुलूप लावल्यावर पहिलं काम काय केलं, तर शिडाची होडी विकत घेतली. लहानशी, पिवळी, एका माणसापुरती. गावाला लागून धरणाचा तलाव, भोवती बर्फाचे डोंगर आणि एवढ्या पाण्यावर बदकांखेरीज कुणी नाही. तिला तेच हवं होतं. चाळीसएक वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून तिला माणसांचा पुरेसा सहवास घडला होता.

पण धरणाच्या कचेरीतल्या माणसाने मान हलवली. एकट्यादुकट्याला तलावात होडी घालता येत नाही म्हणाला. क्लब असेल तर गोष्ट वेगळी.

"मग क्लब काढते," नोला म्हणाली.

ती आधी डेस टलीकडे गेली. डेसने गावातलं खाटकाचं दुकान पुतण्याला दिलं होतं आणि तेव्हापासून त्याला दिवस जाता जात नव्हता.

"बाई गं, मी पाण्यात फक्त बटाटे टाकतो," डेस म्हणाला.

"तुला पाण्यात ये कोण म्हणतंय? नुसतं नाव दे."

"नुसतं नाव देऊन काय करू? दर शुक्रवारी सॉसेज भाजतो की. वर सोडत ठेवू. नंबर लागेल त्याला मटणाच्या चॉप्सचा भरलेला ट्रे."

नोला हो म्हणाली, आणि तिथेच तिचं चुकलं.

पहिल्या शुक्रवारी शेजारपाजारचे आले. मग त्यांचे मेव्हणे आले. मग खालच्या खोऱ्यातली मेंढपाळ कुटुंबं गाड्या भरभरून येऊ लागली. पत्तेवाल्यांनी एक टेबल मागितलं, विणकामवाल्या बायकांनी खिडकीजवळचा कोपरा धरला, रांगेत नाचणाऱ्यांना तर फळ्यांची जमीनच हवी होती. डेसला सगळ्यांनी कमोडोर, म्हणजे क्लबाचा प्रमुख, केलं. त्याने सोनेरी काठाची पांढरी टोपी मागवली आणि ती घालूनच तो सॉसेज उलटू लागला.

जागा पुरेना. किनाऱ्यावर इमारत बांधायला कचेरीची परवानगी नव्हती, कारण पाणी चढतं-उतरतं. तेव्हा झदेन्को पुढे आला. त्याचा बाप क्रोएशियातून हेच धरण बांधायला आला होता. मुलगा वेल्डर झाला, पण पोहायला काही शिकला नाही.

"किनाऱ्यावर नाही ना? मग पाण्यावर बांधू," झदेन्को म्हणाला. "परवानगी जमिनीला लागते."

त्याने रिकामी पिंपं जोडून भलामोठा तराफा केला, त्यावर सभागृह उभारलं, समोर व्हरांडा आणि वर पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापडी छत. सगळं पोलादी दोरांनी किनाऱ्यावरच्या खांबांना बांधलं आणि आत जायला फळी टाकली.

क्लब असा फोफावला, पण होडी एकच राहिली. नोलाला ती पाण्यात न्यायची म्हणजे आधी पाण्याकडे जाणाऱ्या उतारावर लावलेल्या गाड्यांचे मालक शोधायचे, कुणाचा पत्त्यांचा डाव मोडायचा, कुणाला नाचातून ओढून आणायचं.

"परत निघालीस?" लोक वैतागून म्हणत. "मागच्या आठवड्यात तर गेली होतीस!"

त्यात क्लबला बक्षीस मिळालं: डोंगरी भागातला सर्वांत सुरक्षित नौकाक्लब. एवढे सदस्य आणि आजवर एकही होडी उलटली नव्हती. डेसने मानपत्र बारच्या वर टांगलं, आणि त्याच दिवसापासून सगळे नोलाकडे संशयाने पाहू लागले. बाई उलटली तर?

वसंतात, बर्फ वितळायच्या दिवसांत, वार्षिक सभा भरली. भर दुपार होती आणि वारा सुटला होता. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डेसने टोपी सारखी केली आणि ठराव वाचला: सदस्यांच्या सुरक्षिततेसाठी क्लबात शिडाची होडी चालवण्यास कायमची मनाई.

"डेस, हा शिडांचा क्लब आहे," नोला म्हणाली.

"म्हणून तर इथे ठराव आणावा लागतो. विणकाम मंडळात कुणी आणला असता का?"

"अरे, मीच काढला ना हा क्लब!"

"ते कोण नाकारतंय? त्याबद्दल तुझे आभार मानायचा ठराव पुढे आहे. हात वर करा मंडळी!"

हात वर झाले. ते हात बघवेनात म्हणून नोलाने खिडकीबाहेर पाहिलं. उतारावरच्या गाड्या हळूहळू मागे चालल्या होत्या. सगळ्या एकदम, एका ओळीत.

"डेस, आपण निघालोय."

"मतदान चालू आहे, नोला."

"डेस, किनारा बघ!"

"किनाऱ्याचा विषय इतर बाबींत घेऊ."

तेवढ्यात आत यायची फळी पाण्यात पडली आणि दाराशी उभा असलेला झदेन्को किंचाळला. वितळलेल्या बर्फाने पाणी चढलं होतं, दोर ताणले गेले होते आणि खांबच मुळासकट उपटून आले होते. वेल्डिंग शाबूत होतं, हे झदेन्कोने त्या गडबडीतही जो भेटेल त्याला ऐकवलं.

वारा छतात भरत होता आणि क्लब धरणाच्या सांडव्याकडे चालला होता. तिथे पाणी भिंतीवरून खाली कोसळत होतं. त्याचा आवाज आता सगळ्यांना ऐकू येऊ लागला. एकच कल्लोळ उठला. कुणी देवाचा धावा करू लागलं, कुणी सोडतीतला ट्रे उराशी धरला.

जन्मभर या माणसांना तोंड उघडा म्हणत आलेली नोला खुर्चीवर चढली आणि ओरडली, "तोंडं बंद!"

सगळी तोंडं मिटली.

"झदेन्को, मला सुकाणू पाहिजे. बिजागऱ्यांवर हलेल असं काहीतरी."

झदेन्कोने इकडेतिकडे पाहिलं आणि संडासाचं दार चौकटीसकट उपटलं. आत बसलेल्या बाईंनी फक्त विचारलं, "काय झालं?" मग त्याने ते दार तराफ्याच्या मागच्या कडेला उभं ठोकलं. पत्तेवाल्यांनी छताची एक कड सोडवून शिडासारखी खाली ओढून धरली. नाचणाऱ्यांना काही समजावायची गरजच पडली नाही, नोला "डावीकडे!" म्हणाली की सगळे एका पावलात डावीकडे.

नोलाने दार आडवं रेटलं. काहीच झालं नाही. एवढं अवजड धूड तिने कधी हाकलं नव्हतं. डेस शेजारी येऊन उभा राहिला. चेहरा टोपीइतका पांढरा.

"नोला, मला पोहता येत नाही गं."

"मग बोलू नकोस. ढकल."

दोघांनी मिळून ढकललं. दार कुरकुरलं, छत फुगलं आणि सभागृह, बार, मानपत्र, विणकामवाल्या बायका असं सगळं मिळून हळूच वळलं. नोलाला क्लब गावाकडे न्यायचा होता, पण तो वाऱ्याला पाठ देऊनच जाणार, हे तिला उमगलं. सांडवा बाजूने गेला. समोरच्या निर्मनुष्य काठावर, निलगिरीच्या झाडांखाली, क्लब चिखलात खोल रुतून थांबला. चरणाऱ्या कांगारूंनी माना वर केल्या, पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या.

कुणाला खरचटलंही नाही. कचेरीच्या बोटीने माणसं परत नेली. तराफा मात्र कुणाला हलवता आला नाही, आणि त्या काठाला रस्ताच नव्हता. त्या शुक्रवारी गावाने इकडच्या किनाऱ्यावर उभं राहून आपल्या क्लबाकडे पाहिलं. बार तिकडे, पत्ते तिकडे, सॉसेजची शेगडीही तिकडेच.

सोमवारी सकाळी डेस नोलाच्या दाराशी आला. टोपी हातात होती.

"शिकायला किती दिवस लागतात?" त्याने विचारलं.

"आधी पोहायला शीक."

गावाच्या तलावात मग जुन्या, नव्या, घरी ठोकलेल्या होड्या उतरल्या. माणसं धडाधड उलटली. मानपत्र परत मागवलं गेलं. बुडालेला चष्मा शोधता शोधता दोघांचं लग्न ठरलं. खोऱ्यातल्या मेंढपाळांनी लोकरीच्या कापडाची शिडं शिवली. ती भिजली की होडी कलायची, तरी ते ऐकेनात. नोला सगळ्यांना शिकवायची, ओरडायची, घरी आल्यावर चिडून रडायचीही. तिचा तलाव गेला होता.

एका शुक्रवारी ती उशिरा निघाली. पाण्यावर रंगीबेरंगी शिडांची दाटी होती आणि बदकांनासुद्धा वाट काढावी लागत होती. मागून डेसची होडी वाकडीतिकडी येत होती, पुढच्या फळीवर चॉप्सचा ट्रे बांधलेला.

"ए बाई, जरा सरक!" तो ओरडला. "मला वळता येत नाही अजून!"

नोलाने सुकाणू फिरवलं आणि त्याला वाट दिली.