गवंड्याच्या घमेल्याला बढती

मित्रांनो, मी एक जुनं घमेलं आहे. रीतीप्रमाणे मी माझ्या जन्मापासून सुरुवात करायला हवी. पण माझा जन्म फार चटकन उरकला होता, म्हणून आधी त्या शेवटच्या साध्या दिवसाबद्दल सांगतो. तो शेवटचा आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तो दिवस नेहमीच्याच चपला घालून घरात शिरला होता.

त्या दिवशी माझे धनी, म्हणजे गवंडीबाबा, मुलीच्या खोलीत भिंतीला गिलावा करत होते. काम सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. ओल येऊन भिंतीचे पोपडे पडले, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मी कारागीर बोलावते." बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने सुताराच्या घरी बसायला खुर्ची भाड्याने आणली होती.

"घरात गवंडी असताना बाहेरचा कशाला?"

"तुमचं वय झालंय, बाबा."

"भिंतीला माझं वय कोण सांगणार आहे? तू तेवढं सांगू नकोस म्हणजे झालं."

मुलगी गप्प बसली. गप्प बसणं तिला चांगलं जमायचं. ती ग्रंथपाल होती. तिने पुस्तकं ढीगभर वाचली होती आणि बोलणं चिमूटभर ठेवलं होतं. वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ती पाटी वाचूनच तिने तिथे अर्ज केला असावा, असा माझा अंदाज आहे.

संध्याकाळी बाबा दोन पावलं मागे सरले, थापी खाली ठेवली आणि म्हणाले, "कशी झाली?"

भिंतीला बरोब्बर मध्यावर पोट आलं होतं. भरपेट जेवून सुस्तावलेल्या माणसासारखी ती उभी होती. भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा पिशवीतच राहिला होता. मुलीने भिंतीकडे पाहिलं. मग बाबांच्या हाताकडे पाहिलं. थापी खाली ठेवल्यावरही तो हात थरथरतच होता.

"छान झाली," ती म्हणाली.

बाबा खुशीत हातपाय धुवायला गेले. मला मात्र तळाला सिमेंटचा माल चिकटलेला तसाच सोडून गेले. मित्रांनो, उभ्या आयुष्यात मला धुतल्याशिवाय ते कधी जेवायला बसले नव्हते. मुलीने तेही पाहिलं, आणि तेही ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

आता माझ्या जन्माबद्दल. एका कारखान्यात पत्र्याची एक गोल चकती यंत्राखाली सरकवली, वरून धाडकन एक दणका बसला, आणि माझं शिक्षण पूर्ण झालं. माझ्याबरोबरच्या भावंडांची एकात एक अशी चळत लावली गेली. सगळ्यांत वरचा मी होतो, म्हणून बाबांच्या हाती आलो. त्यांनी मला बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "हे बोलकं आहे." माझी त्याआधी आणि त्यानंतर कुणी इतकी स्तुती केली नाही.

माझ्या उमेदीच्या वर्षांत मी वाळू, सिमेंट, विटांचे तुकडे असं सगळं वाहिलं. कित्येक घरांच्या भिंती माझ्या पोटातून वर गेल्या. दुपारी मला पालथं घालून, माझ्यावर बसून बाबा चहा प्यायचे. मुलगी लहान असताना तिची आंघोळही माझ्यातच व्हायची. पुढे माझ्या कानाला दोरी बांधून बाबा तिला अंगणभर ओढायचे. तेव्हा ती इतकी किंचाळायची की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. हे मी मुद्दाम सांगतो. ती जन्मतः गप्प नव्हती, एवढं तुमच्या ध्यानात असावं.

बाबा गेल्यावर मी मागच्या दारी पडलो. तिथून मुलीची खोली दिसायची. माझ्या कडेवर कावळा बसू लागला. तोही फार वेळ थांबत नसे.

घरात एव्हाना भिंतीवरून खल सुरू झाला होता. मुलीचा धाकटा भाऊ मनाने लोण्यासारखा आहे, पण त्याला वाकडं काही बघवत नाही. दुसऱ्यांच्या घरची तसबीरसुद्धा तो सरळ करून येतो. त्याने ताईसाठी नवं कपाट आणलं. ते त्या भिंतीला टेकेचना. रुसलेल्या पाहुण्यासारखं खोलीच्या मध्येच उभं राहिलं.

"ताई, बाबांनी भिंत नाही केली, टेकडी केली!"

"असू दे."

"असू दे काय? रविवारी एक कारागीर येतोय. सगळं खरवडून नव्याने करून घेऊ. बाबांनाही आवडलं नसतं असलं काम."

ताईने तोंड उघडलं. माझा जीव कानात आला. तिने तोंड मिटलं आणि म्हणाली, "बघू."

धाकट्याने ते 'बघू' होकार समजून खिशात टाकलं आणि तो निघून गेला. त्या रात्री ताई भिंतीला पाठ लावून बसून राहिली. पोट आलेल्या भिंतीला पाठ लावली की मान आपोआप पुढे येते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, ती खाली मान घालून कुणाची बोलणी खातेय.

अशा वेळी आमच्या गोष्टीत खेळाच्या बाई आल्या. त्यांनी ताईला शाळेत कवायत शिकवली होती. निवृत्त झाल्यावर त्या वाचनालयातून पुस्तकं नेऊ लागल्या. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. ताईने त्यांच्या पुस्तकावर शिक्का मारला, मग त्यावरच पुन्हा मारला, मग टेबलावर मारला.

"वडील जाऊन किती दिवस झाले? रडलीस का?"

"वेळ नाही मिळाला, बाई."

"रविवारी सकाळी माझ्या परसात ये. बूट घालून ये. आणि घरात लोखंडाचं एखादं मोठं भांडं असेल तर आण. आमचं मातीचं होतं, ते परवा तडकलं."

आणि अशा रीतीने, मित्रांनो, मला बढती मिळाली. कालपर्यंत माझ्यावर कावळा बसत होता, आज मी एका मोठ्या झाडाखाली पूजेच्या मधोमध बसलो होतो.

ही पूजा मी कधी पाहिली नव्हती. तिला मूर्ती नव्हती, पोथी नव्हती. फार जुन्या काळी माणसं आगीला, पाण्याला, वाऱ्याला आणि झाडालाच देव मानायची, तसं काहीसं बाईंनी आपल्या परसात मांडलं होतं. आधी चारही दिशांना नमस्कार. मग डोळे मिटून श्वासावर ध्यान. मग ज्याला दुःख असेल त्याने ते बोलून वाळकं पान आगीत टाकायचं, ज्याला आनंद असेल त्याने तो बोलून हिरवं पान पाण्यात सोडायचं. बाई म्हणायच्या, अन्नासारखं सुखदुःखही चावून खावं, नाहीतर दोन्ही बाधतात.

फक्त बाईंचा शाळेतला खाक्या सुटला नव्हता.

"सावधान! पूर्वेला तोंड! नमस्कार! उजवीकडे वळ!"

दर रविवारी जमणारी आजूबाजूची माणसं उजवीकडे वळली. एक न्हावी डावीकडे वळला आणि एका बसचालकाच्या नाकाला नाक लावून उभा राहिला.

"तुझं उजवं कुठलं रे?"

"बाई, मी दिवसभर आरशात बघून काम करतो. माझं सगळं उलटं असतं."

"आता उत्तर दिशा!"

"बाई, उत्तर तिकडे नाही," बसचालक म्हणाला. "तिकडे डेपो आहे."

"मग डेपोला नमस्कार कर! वाद नको!"

ध्यानाचीही तीच तऱ्हा. "श्वास घ्या, एक! धरा, दोन! सोडा, तीन! न्हावी, तू दोनलाच सोडलास!"

"सर्दी झालीय हो, बाई."

ताई खाली बघत होती, पण तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी तो मनात टिपून ठेवला.

मग माझ्यात काटक्या रचल्या आणि आग पेटवली. न्हावी पुढे आला. त्याची मांजर गेली होती. दुकानातल्या खुर्चीवर ती झोपलेली असली, की गिऱ्हाइकं उभ्याने थांबायची, पण तिला कुणी उठवायचं नाही. "आता खुर्ची रिकामी असते," तो म्हणाला, "आणि मेली गिऱ्हाइकं खुशाल बसतात तिच्यावर!" एवढं बोलून तो ढसाढसा रडला. त्याने वाळकं पान माझ्यात टाकलं, नाक शिंकरलं आणि हलका होऊन बसला.

बसचालकाला लग्नानंतर खूप वर्षांनी मुलगी झाली होती. त्याच्या हाती हिरवं पान होतं. "बाई, मला आनंद आवरत नाही. परवा प्रवाशांसकट बस माझ्या घरासमोर नेली."

"अरे! प्रवासी काही बोलले नाहीत?"

"बोलले ना. बाळ बापावर गेलंय म्हणाले."

"हिचे वडील नुकतेच गेले, हे घमेलं त्यांचंच," असं सगळ्यांना सांगून बाई ताईकडे वळल्या. ताई उठली. वाळकं पान हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. "माझं तसं ठीक आहे," ती म्हणाली, "फक्त..."

तेवढ्यात माझ्या तळातून आवाज आला, "फट्!"

न्हावी ताडकन उभा राहिला. "आले!"

"कोण आलं?"

"हिचे वडील! घमेलं त्यांचंच आहे ना! बाबा, तुम्हीच का?"

"फट्!"

"बघा, हो म्हणाले!"

बसचालक गुडघ्यावर बसला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, माझ्या मुलीला भावंड होईल का हो?"

"फट्! फट्!"

"जुळं!" न्हावी ओरडला. बसचालकाचा चेहरा पांढरा पडला. आनंद पचवायला आलेल्या माणसाला बाईंनी पाणी पाजलं.

मला हसावं की रडावं कळेना, मित्रांनो. मला तोंड असतं तर मीच खुलासा केला असता. तो शेवटी ताईने केला, अगदी हळू आवाजात.

"ते सिमेंट आहे. तळाला चिकटलेला थर तापला की असाच तडतडतो, टवके उडतात. जरा लांब बसा."

सगळे हिरमुसले. न्हाव्याला ते पटेना. "अगं, पण तो थर लावला कुणी?"

"बाबांनीच. शेवटच्या दिवशी. त्यांनी घमेलं धुतलं नाही."

"विसरले असतील."

"ते विसरायचे नाहीत." ती थांबली. "त्यांच्यात उचलून धुण्याइतकी ताकद उरली नव्हती. मला कळलं होतं. मी काही बोलले नाही."

बाई आज्ञा करायच्या विसरल्या होत्या.

नेमका तेव्हाच फाटकातून धाकटा आत आला. हे झाड, ही आग आणि हातात पानं घेतलेली ही माणसं पाहून तो आधी फाटकातच थबकला. "ताई, किल्ली दे ना. कारागीर दारात उभा आहे. खरवडायला घेतो तो, दुपारपर्यंत भिंत मोकळी होईल."

ताईचा हात सवयीने पिशवीत गेला. किल्ली बाहेर आली. धाकट्याने हात पुढे केला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वाचकांकडे काही मागायची पद्धत आहे. माझं मागणं मी इथेच मांडतो, कारण यानंतर मला बोलायला जागा उरणार नाही. आम्हां वस्तूंना पुसून, धुऊन, सावलीत ठेवा. आमची एवढीच अपेक्षा असते. पण तुमच्या घरात एखादं माणूस थकलेलं दिसलं, तर ते दिसलंय असं त्याला कळू द्या. आम्ही गंजलो तर आम्हांला घासता येतं. न बोललेलं घासायला काथ्या मिळत नाही.

ताईने किल्ली दिली नाही. मुठीत घट्ट धरली.

"ताई, काय झालं? माणूस खोळंबलाय."

"थांब."

"अगं पण..."

"थांब म्हटलं ना!" हा तिचा आवाज मी फार वर्षांनी ऐकला. अंगणातल्या त्या किंचाळणाऱ्या मुलीचा होता. बसचालक दचकून सावधान उभा राहिला.

ती माझ्यासमोर खाली बसली. माझ्या कडेला हात लावायला गेली, चटका बसला, तरी हात तिथेच जवळ धरून ठेवला. धुरामुळे की कशामुळे, तिचे डोळे वाहू लागले होते. ते तिने पुसले नाहीत.

"बाबा," ती म्हणाली.

न्हावी काहीतरी बोलणार होता. बाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"बाबा, भिंत वाकडी झालीय. तुम्ही विचारलंत तेव्हाच मला दिसत होतं. तुमचा हातही दिसत होता. मी छान म्हणाले, कारण वाकडी म्हटलं असतं, तर तुम्ही थकलात हे मला तिथल्या तिथे मान्य करावं लागलं असतं, आणि मला ते करायचं नव्हतं. मला तुम्ही हवे होतात. अजून हवे आहात. आता कपाट जाईल दुसऱ्या खोलीत. ती भिंत तुमची आहे, मला ती फार आवडते, आणि मी आहे तोवर तिला कुणी हात लावायचा नाही."