बाविसाव्या मिनिटाचा भोंगा

"आई, कंपनीत पत्रा दाबायच्या तीनशे टनांच्या प्रेसवर नऊ वर्षं काढलीत मी. एकदाही लाईन थांबू दिली नाही. साडेतीन किलोचं लेकरू दीड तास सांभाळायला काय लागतं?"

ज्ञानेशनं हे सासूबाईंना ऐकवलं. शुक्रवारी सकाळी, रहाटणीतल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, कमरेवर हात ठेवून.

ठकुबाई चाकणजवळच्या गावाहून पोराच्या, सुरजच्या, गाडीनं आल्या होत्या, लेकीला न्यायला. "पहिलं बाळातपण माहेरात व्हायचं, ते तुमी हितं केलं. ऱ्हाऊ द्या. आता दोन महिने तरी न्हेते."

पण ज्ञानेशच्या लेकीनं कालच त्याचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. सव्वीस दिवसांची पोर. तिला तो कुठंच पाठवणार नव्हता.

रोहिणीला टाके दाखवायला डॉक्टरकडे जायचं होतं. तिनंच तोडगा काढला. "अहो, आम्ही येईपर्यंत एकट्यानं सांभाळा. जमलं तर मी इथंच राहते. नाही जमलं तर आजच आईबरोबर जाते. चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

ठकुबाईंनी जाताना लेकीची बॅग दाराशी आणून ठेवली. भरलेली.

ज्ञानेश निर्धास्त होता, कारण अख्खी कंपनीच त्यानं घरात आणली होती. फ्रीजवर बोर्ड: दूध, शी, शू, झोप, चार रंगांत. बेलनं पोर दचकते म्हणून बेलची वायर काढून वर लाल पट्टी: 'काम चालू आहे, बटण दाबू नये.' दार चुकून उघडं राहू नये म्हणून ओढलं की आपोआप बंद होणारं लॉक. माणसाला चूक करायला जागाच ठेवायची नाही, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं.

आणि पोर झोपायची फक्त प्रेसच्या आवाजावर. अंगाई म्हटली की भोकाड पसरायची, ठाक-धडाम लावलं की तोंड उघडं टाकून गुडुप. त्यासाठी त्यानं कंपनीत प्रेसजवळ फोन धरून बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं. त्यात शेवटी शिफ्ट सुटल्याचा भोंगा आला होता, तेवढा काढायचा राहिलेला. म्हणून विसाव्या मिनिटाला रेकॉर्डिंग मागं न्यायचं. हेही बोर्डवर होतं.

सव्वा तास सगळं बोर्डाप्रमाणं झालं. त्यानं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं, पोर पाळण्यात घोरत होती. तेवढ्यात डायपरचं पार्सल आलं. बेल दाबू नये हे कुरिअरवाल्यानं इमानदारीत वाचलं आणि दारावर बुक्क्या घातल्या.

"हळू राव! लेकरू झोपलंय!" ज्ञानेश कुजबुजत ओरडला, बाहेर आला, पार्सल घेतलं, सही केली. मागं खिडकीतून वारं आलं.

टक्.

दार फार सुंदर लागलं. चावी आत. फोन आत. पोर आत.

"कुणाला फोन लावू का, भाऊ?" कुरिअरवाल्यानं विचारलं.

ज्ञानेशला एकच नंबर पाठ होता, रोहिणीचा. दुसरी चावीही तिच्याच पर्समध्ये होती. पण फोन लावला की हरलाच. "नको," तो म्हणाला आणि पाच मजले धावत उतरला.

खाली हनीफभाईंचं कुलूप-शटरचं दुकान. ते पेटी घेऊन वर आले, लॉककडे बघत राहिले.

"कुणी बसवलं?"

"मीच."

"भारी बसवलंय. चार स्क्रू जास्तीचे."

"सेफ्टीसाठी."

"सेफ्टी आत राहिली ना भाऊ, तुम्ही बाहेर." त्यांनी ड्रिल काढलं.

"ड्रिल नको! उठेल ती!"

"मग पेचकसनं वेळ लागणार. आज जुम्मा आहे, मला नमाजला जायचंय."

ज्ञानेशनं दाराला कान लावला. ठाक-धडाम. ठाक-धडाम. घामानं शर्ट पाठीला चिकटला. कितवं मिनिट चालू आहे, काही कळेना. रेकॉर्डिंगमध्ये एकच खूण होती: सतराव्या मिनिटाला त्याचा दोस्त अय्याज ट्रॉलीवाल्यावर ओरडतो.

लिफ्ट उघडली. रोहिणी आणि ठकुबाई.

"अहो, बाहेर काय करताय? बाळ कुठंय?"

"आत."

"कुणाजवळ?"

आतून पुरुषी आवाज आला, "ए, ट्रॉली हटाव रे!"

"अगं बया! आत कोन बाप्या हाय?" ठकुबाईंनी पदर खोचला.

"अय्याज आहे," ज्ञानेश म्हणाला. "म्हणजे नाही. म्हणजे पाचच मिनिटं राहिली!"

रोहिणीनं पर्समधून चावी काढली, लॉकमध्ये घातली. फिरेना.

"वहिनी, आता नाही चालणार," हनीफभाई म्हणाले. "आतला भाग मी आत्ताच तोडलाय. चावी आहे हे कुणी बोललं नाही मला."

सगळ्यांनी ज्ञानेशकडे बघितलं. त्यानं पार्सल छातीशी धरलं.

पेचकस फिरत राहिला. एक स्क्रू पडला. दुसरा. तिसरा बसला अडून. आणि भोंगा झाला, असा की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. मग एकदम शांत. प्रेस नाही, रडणं नाही, काहीच नाही. रोहिणीचे दोन्ही तळवे दारावर होते.

चौथा स्क्रू पडला. दार ढकललं.

पोर टक्क जागी. मूठ तोंडात, नजर पंख्यावर. शिफ्ट सुटल्यासारखी निवांत पडली होती. रोहिणीनं उचलल्यावर मात्र रडली. रोहिणी पण.

"मला फोन का नाही केलात?"

"हरलो असतो."

"ती आत एकटी होती, आणि तुम्ही जिंकत होतात?"

ज्ञानेशनं फ्रीजकडे बघितलं. तेवढं बोर्डवर नव्हतं.

"मशीन न्हाई ती जावईबापू, लेकरू हाय," ठकुबाई म्हणाल्या. "चल रोहिणी. सुरज गाडीत थांबलाय."

रोहिणीनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं.

हनीफभाईंनी लॉक परत बसवलं. "तात्पुरतं आहे. दार हळू लावा, बाकीचं संध्याकाळी करतो," म्हणाले आणि फोन बंद करून नमाजला पळाले.

"वारं लागंल लेकराला," म्हणत ठकुबाईंनी दार आपटलं.

टक्.

मग बाळाला टोपी घातली, पार्सल बॅगेत कोंबलं, देवाला नमस्कार झाला. ज्ञानेश कोपऱ्यात उभा राहून बोर्ड पुसत होता. ठकुबाईंनी बॅग उचलली आणि निघण्यासाठी दाराचं हँडल खाली दाबलं.

हँडल त्यांच्या हातात आलं.