शेजारणीला न सांगता बदललेला पासवर्ड

वसमतच्या मंजुषानं घरी नवा राउटर बसवून घेतला तो शिकवणीसाठी. दुपारी ती लॅपटॉपवरून बाहेरगावच्या मुलांना गणित शिकवायची. पण थोड्याच दिवसांत रडगाणं सुरू झालं. गणित अर्ध्यावर आलं की पडद्यावर तिचा चेहरा थिजायचा, अन् पलीकडून पोरं ‘मॅडम, आवाज येईना’ म्हणायची. एका आईनं तर मुलगी शिकवणीतून काढूनच घेतली.

कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, लाइन बराबर आहे, दुसरं कुणी वापरत असेल. दुसरं कोण? नवरा हरीश दिवसभर साखर कारखान्यावर, सासूबाईंकडं साधा फोन. मंजुषाची नजर शेजारच्या ओट्यावर गेली.

तिथं शिला बसलेली असायची, नेमकी शिकवणीच्या वेळी, मोबाइल तोंडापुढं धरून. हैदराबादला दिलेल्या लेकीशी बोलायला म्हणून तिनं पासवर्ड मागितला होता, अन् मंजुषानंच तो दिला होता. आता वाटू लागलं, बोलणं कसलं, सिनेमे बघत असणार. शिला हसली तरी ही नजर फिरवायची. एकदा तर तिनं भिंतीला कान लावला. ऐकू आलं ते एवढंच, “जेवलीस का, माय?”

तरी तिनं पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी शिला ओट्यावर आली, मोबाइलशी थोडा वेळ झटली आणि आत गेली. चोर सापडला, मंजुषा मनात म्हणाली.

शिकवणी सुरू झाली आणि चेहरा पुन्हा थिजला.

मग ती चालू लॅपटॉप घेऊनच उठली. माजघरात राउटरजवळ गेली तर आवाज स्वच्छ, चित्र लख्ख. खोलीत परतली की पुन्हा बिघाड. मधे उभी होती धान्याची भलीमोठी पत्र्याची कोठी. त्यांच्या रांगत्या लेकरानं वायर ओढू नये म्हणून हरीशनं मध्यंतरी राउटर कोठीमागं सरकवला होता. मंजुषानं तो उचलून उंच फळीवर ठेवला. उरलेली शिकवणी न अडखळता पार पडली.

संध्याकाळी ती शिलाकडं गेली. शिला भाकरी थापत होती.

“काकू, पासवर्ड बदललाय. नवा टाकून देते.”

“काहून बदलला, ते समजलं मला,” शिला मान वर न करता म्हणाली.

मंजुषानं मग सगळं सांगितलं, कोठीचं आणि मनातल्या संशयाचंही. शिलानं भाकरी तव्यावर टाकली.

“लेकीचे दिवस भरत आलेत. तोंड दिसलं की जीव थाऱ्यावर राहतो. मला इचारलं असतंस, तर शिकवणीच्या वक्ताला मी बसलेच नसते.”

मंजुषानं तिचा मोबाइल घेऊन नवा पासवर्ड टाकला. एरवी शिला चहा घेतल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. त्या दिवशी तिनं थांबवलं नाही.