कानातली कादंबरी

ते यंत्र मुलीने आणलं. काड्यापेटीएवढं, काळं, पुढे नखाएवढा पडदा आणि बाजूला तीन बटणं. "बाबांना आता वाचता येत नाही ना, म्हणून," ती म्हणाली. मी म्हटलं, नसतं लचांड कशाला, मी आहे की वाचून दाखवायला. तर आतल्या खोलीतून आवाज आला, "तू वाचताना स्वल्पविराम खातेस." झालं! त्याच दिवशी मी वाचून दाखवायचं सोडलं.

आमच्या ह्यांनी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. मजकूर ह्यांच्या टेबलावर काळा यायचा आणि लाल होऊन परत जायचा. अख्खा छापखाना ह्यांना कानामात्रा म्हणायचा, अगदी तोंडावर. ह्यांनाही त्याचं काही वाटायचं नाही, उलट कौतुकच होतं. मग निवृत्त झाल्यावर डोळ्यांच्या मधोमध डाग पडले. कडेकडेचं दिसतं, दाराची चौकट दिसते, मी आले-गेले कळतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होतं. अक्षर तर गेलंच. ज्या माणसाने दुसरं काही केलंच नाही त्याचं अक्षर जावं, याचा मला फार राग येतो, अजूनही येतो.

आमच्या घरात बोलणं म्हणजे भांडण. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या एकाही वाक्याला सरळ हो म्हटलेलं नाही आणि ह्यांनी माझं एकही वाक्य न सुधारता सोडलेलं नाही. मी तावातावाने काहीतरी बोलावं आणि ह्यांनी मधेच म्हणावं, "कर्ता कुठाय या वाक्यात?" शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे करमणुकीला काही आणायची गरजच नाही. आम्हाला ते बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

तर ते यंत्र. आधी महिनाभर गाणीच ऐकली. कानात वायरी, खिडकीजवळची खुर्ची, पायाने ठेका. मी काही विचारलं की एक वायर काढायची, "काय?" म्हणायचं आणि मी सांगेपर्यंत परत घालायची. माझ्या जिवाचा नुसता संताप व्हायचा. पण चेहरा उजळला होता, हे मलाही दिसत होतं.

मग मुलीने त्यात एक लांबलचक कादंबरी भरून दिली. विणकरांचं घर, तीन भाऊ, त्यांच्या बायका, एक म्हातारी, ढीगभर जन्म आणि ढीगभर मरणं. वाचणारी बाई प्रकरणाचा आकडा काही सांगायची नाही. एक तुकडा संपला की थोडं थांबायचं आणि पुढचा सुरू. जेवताना हे मला त्या दिवशीचं सगळं सांगायचे. मी त्या माणसांशीही भांडायचे. मधली सून आगाऊ आहे म्हणायचे, थोरला भाऊ नुसता नंदीबैल आहे म्हणायचे. "तुला पात्र कळत नाही," हे म्हणायचे. "तुम्हाला बायका कळत नाहीत," मी म्हणायचे. पानावरचं गार व्हायचं.

एके दिवशी वायरी काढून नुसते बसून राहिले. म्हणाले, थोरला गेला. यंत्रमागाच्या पट्ट्यात सापडला. डोळ्यांत चक्क पाणी. मी म्हटलं, सख्ख्या मेहुण्याच्या वेळी एवढे रडला नव्हतात. "मेहुणा एवढा चांगला लिहिलेला नव्हता," हे म्हणाले. असे हे.

दुसऱ्या दिवशी जेवताना घास हातातच राहिला. "अगं, थोरला काल गेला ना?"

"तुम्हीच सांगितलंत."

"आज त्याचं लग्न ठरतंय."

मी म्हटलं, मागची हकीकत सांगत असेल लेखक, कादंबरीत असतंच तसं. "तसं सांगताना क्रियापद बदलतं," हे म्हणाले.

मग रोजच काहीतरी. पुरलेली म्हातारी उठून पाणी मागायची. एकच पोर दोनदा जन्मायचं. आधी चिडले, मग मला विचारायला लागले की मी तुला काय सांगितलं होतं, नीट आठवून सांग. मग विचारायचेही बंद झाले. तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचे, ओठ हलवत ऐकायचे.

तुम्ही म्हणाल, यंत्रावर संशय कसा आला नाही? दुसऱ्या कोणालाही पहिल्याच दिवशी आला असता. पण ह्यांच्या कामाची रीतच वेगळी. प्रुफात काही विचित्र दिसलं की हे आधी उठून नळावर जायचे, डोळे धुवायचे, परत येऊन वाचायचे आणि मगच लाल पेन उचलायचे. छापलेलं चुकलंय असं म्हणायच्या आधी आपण चुकलो नाही ना ते बघायचं. नवीन माणसांनाही हेच शिकवलं. आता डोळे धुऊन काही उपयोग नव्हता, तर डोक्यावर संशय घेतला. आणि मला, यंत्रातलं काही कळत नसल्यामुळे, ते कधी सुचलंच नाही.

धास्तीने माणूस आणखी चुकतो. बेसिनचा नळ चालू राहिला. चहात मीठ पडलं. मला हाक मारताना मुलीचं नाव तोंडात आलं, ते तर मीही रोज करते. पण मुलगी गंभीर झाली. "आई, ही लक्षणं आहेत," म्हणाली आणि डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? निवृत्त माणसाला कसला वार! मला तरी कुठे माहीत होता. शंभरातून सात सात वजा करा म्हणाले. ह्यांचं गणित शाळेपासून कच्चं. पण हे घाबरले, अडखळले, आणि मग स्वतःच ते थोरल्या भावाचं सांगून टाकलं. मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी लग्नाला उभा राहतो म्हणाले. डॉक्टर लिहायचे थांबले.

आम्हा दोघींना बाजूला घेऊन म्हणाले, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. गोळ्या दिल्या. आणि मला बजावलं की ह्यांच्याशी वाद घालायचा नाही, ह्यांचं काही खोडून काढायचं नाही, हो ला हो म्हणत जायचं. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "जमेल का तुला?" जमवलं. जीभ चावून जमवलं. हे म्हणाले आज गार आहे, मी घामाने भिजलेली, पण म्हटलं हो. म्हणाले ही भाजी कालचीच दिसते, आत्ता चिरलेली होती, पण म्हटलं हो. एकदा मुद्दामच म्हणाले, "तुझा भाऊ पहिल्यापासून लबाड होता." माझा भाऊ म्हणजे देवमाणूस. मी हो म्हटलं. हे बराच वेळ माझ्या दिशेने तोंड करून बसले.

गोळ्यांनी दिवसा झोप यायला लागली. यंत्र कपाटात गेलं. आणि एक दिवस ह्यांनीच मुलीला सांगितलं की अशा माणसांना सांभाळणारी एखादी जागा बघ. म्हणाले, आज मीठ पडलं, उद्या गॅस चालू राहील, आणि घरात ही असते. मग मला विचारलं, "मी गेलेलं बरं, नाही का?"

कुठे निघालात, गप्प बसा, असं ओरडावंसं वाटत होतं. पण वाद घालायचा नव्हता. मी म्हटलं, "हो."

जायच्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते. कपडे, दाढीचं सामान, गोळ्या. यंत्रही टाकावं, निदान गाणी ऐकतील म्हणून कपाटातून काढलं. चालतंय का बघायला वायरी कानात घातल्या, मिळेल ते बटण दाबलं. कादंबरीच लागली. मेलेल्या थोरल्याला न्यायला माणसं आली होती, बाई रडक्या आवाजात वाचत होती. तो तुकडा संपला. पुढच्यात थोरला सात वर्षांचा होता आणि कैऱ्या पाडत होता. त्याच्या पुढच्यात त्याची मुलगी सासरी चालली होती. मी पलंगावर बसले. पुढचा तुकडा, त्याच्या पुढचा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

मुलगी गाडी घेऊन आली तेव्हा मी यंत्र तिच्या हातात कोंबलं. तिने पडद्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. एका कोपऱ्यात दोन बाण होते, एकमेकांवरून गेलेले. गाणी उलटसुलट ऐकायची असली की ते लावतात म्हणे. बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं की आपोआप लागतं. आणि हे तर प्रत्येक बटण दाबून धरायचे, नीट लागलंय याची खात्री होईपर्यंत. थोरला गेला त्याच सुमारास कधीतरी ते लागलं असणार. ह्यांना ते बाण दिसणार तरी कसे?

मला आनंद झाला. आधी आनंदच झाला, लहान पोरीसारखा. धावत आतल्या खोलीत गेले. हे बूट घालून, हातात टोपी घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं. तुमचं डोकं ठणठणीत आहे, ह्या यंत्राने तुकड्यांची खिचडी केली होती, थोरला मेला तो मेलाच. बूट काढा, कुठेही जायचं नाही.

हे हसले. मला फार बरं वाटावं असं हसले. "छान आहे," म्हणाले.

"छान काय? खरं आहे."

"हो ना."

मुलीने बाण काढून टाकले आणि वायरी ह्यांच्या कानात घातल्या. हे ऐकत राहिले, मान हलवली. "आता ओळीने लागतंय. तू नीट करून आणलंस वाटतं?"

"बाबा, मी आत्ता नीट केलं. आधी बिघडलेलं होतं."

"हो, हो. तसंच असेल."

मग माझा तोल गेला. इतक्या दिवसांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, हेकट माणूस, अक्षर गेलं पण आडमुठेपणा गेला नाही, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात आणि एवढ्याशा डबीची काढता आली नाही. माझा भाऊ लबाड नव्हता. ती भाजी ताजी होती. त्या दिवशी उकडत होतं, गार नव्हतं. तुम्ही गेलेलं मला बरं वाटणार नाही, मुळीच वाटणार नाही. मी रडत होते आणि बोलत होते. एकाही वाक्यात कर्ता नसेल. ह्यांनी एकही वाक्य सुधारलं नाही.

माझं संपल्यावर म्हणाले, "त्या थोरल्यामुळे मला एवढं वाटलं नव्हतं गं. म्हटलं, होतो गोंधळ. पण तू भांडायचं सोडलंस, तेव्हा कळलं की डॉक्टरांनी तुला काहीतरी सांगितलंय."

"मग आता भांडतेय ना!"

ह्यांनी चाचपत माझा हात शोधला आणि हळूच थोपटला. "हो," म्हणाले. "आता भांडत जा म्हणून सांगितलंय का त्यांनी?"

आणि टोपी घालून, मुलीचा खांदा धरून जायला उठले.